कुडाळचा प्रवासी तिकिटावर मडगावचा कसा होतो?

वाचकांचे प्रश्न : दोन प्रदेशांमध्ये लांब पल्ल्याचा प्रवास किती होतो आणि त्याचा अंदाज कसा बांधतात, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्या आमच्या स्तंभलेखकांनी येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मुंबई आणि कोकण यांच्या दरम्यान अमुक लाख लोक प्रवास करतात, असे आकडे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. मी गेली वीस वर्षे हा प्रवास करतो आहे. मला आजवर कोणीही काहीही विचारलेले नाही. मग हे आकडे येतात कोठून? (एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : आपल्याला कोणी विचारले नसले तरी आपली नोंद कोठे ना कोठे झालेली असते, मात्र ती आपल्या प्रवासाची नसून तिकिटाची, वाहनाची किंवा आसनाची असते, आणि या दोहोंतला फरक ओळखणे हेच आमच्या कामातले निम्मे काम आहे. रेल्वेकडे आरक्षित आणि अनारक्षित तिकिटांची नोंद असते, एसटीकडे वाहकाच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटांची असते, विमानांच्या शहर-जोडीनुसार प्रवासीसंख्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) प्रसिद्ध करते. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे टोलनाक्यावरून किती गाड्या गेल्या हेही नेमके कळते. पण गाडीत दोन माणसे होती की सात, आणि ती पेणला उतरली की सावंतवाडीला, हे फास्टॅग सांगू शकत नाही. खासगी ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांची एकत्रित प्रवासी-नोंद तर मिळणेच कठीण असते.

तिकीट आणि प्रवास यांच्यातला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कुडाळच्या एखाद्या गृहस्थाला मुंबईला जायचे आहे. कुडाळ ते मुंबई या तिकिटाला प्रतीक्षायादी लागली आहे, पण त्याच गाडीत मडगाव ते मुंबई अशी जागा शिल्लक आहे. तो चार पैसे जास्त देऊन मडगावपासूनचे तिकीट काढतो आणि ‘बोर्डिंग’, म्हणजे गाडीत चढण्याचे स्थानक, कुडाळ असे नोंदवतो. तिकिटांच्या तक्त्यात हा माणूस गोव्याचा प्रवासी ठरतो. असे शेकडो लोक झाले की गोवा–मुंबई प्रवास फुगलेला दिसतो, सिंधुदुर्गचा आटलेला दिसतो आणि त्या आटलेल्या आकड्याच्या आधारे पुढच्या वर्षीही कुडाळच्या वाट्याला कमी जागा येतात. बोर्डिंगची नोंद त्याच तिकिटात उपलब्ध असते, परंतु विश्लेषण करणाऱ्याने ती मुद्दाम मागून घ्यावी लागते.

त्याहून मोठी उणीव अशी की, ज्याला तिकीट मिळालेच नाही त्याची नोंद या तक्त्यात नसते. गणेशोत्सवाचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि काही मिनिटांत गाड्या भरून जातात. भरलेल्या गाडीच्या तिकिटांची संख्या म्हणजे गाडीतल्या आसनांची संख्या. त्यातून किती लोकांना जायचे होते हे मुळीच कळत नाही. प्रतीक्षायादी, रद्द झालेली तिकिटे, जादा सोडलेल्या गाड्या किती वेळात भरल्या, एसटीच्या गट आरक्षणाच्या किती गाड्या गेल्या, अशा खुणांवरून ही दबलेली मागणी हुडकावी लागते.

म्हणून रस्त्यावर उभे राहून प्रत्यक्ष विचारण्याला पर्याय उरत नाही. याला आम्ही ‘ओडी (ओरिजिन–डेस्टिनेशन, म्हणजे कोठून–कोठे) सर्व्हे’ म्हणतो : पोलिसांच्या मदतीने महामार्गावर काही गाड्या बाजूला घ्यायच्या आणि कोठून निघालात, कोठे चाललात, कशासाठी, गाडीत किती जण आहेत, एवढे विचारून सोडून द्यायचे. त्याच वेळी, सहसा सात दिवस आणि चोवीस तास, सर्व गाड्यांची मोजणी चालू असते. एका तासात १,२०० गाड्या गेल्या आणि त्यांपैकी १२० जणांना विचारले, तर प्रत्येक उत्तराचे वजन १० धरायचे. रात्रीच्या तासांत विचारलेल्या गाड्या कमी असतात, म्हणून रात्रीच्या उत्तरांचे वजन वेगळे काढावे लागते. ते न काढल्यास रात्रभर प्रवास करणारा लांब पल्ल्याचा प्रवासीच आकड्यांतून गळतो.

प्रश्न विचारण्याची भाषाही फार जपून ठरवावी लागते, हे मी मुंबई–गोवा महामार्गावरच्या माझ्या सुरुवातीच्या एका सर्वेक्षणात शिकलो. आमच्या मुलांनी “कुठून आलात?” असे विचारले की बरेच चालक “आत्ताच माणगावला चहा घेतला” असे सांगत आणि कागदावर माणगाव लिहिले जाई. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न बदलून “गाव कोणतं?” असा केला, तर डोंबिवलीहून निघालेला माणूस अभिमानाने “राजापूर!” म्हणू लागला, कारण चाकरमान्याचे गाव म्हणजे मुळगाव. तिसऱ्या दिवशी “आज ज्या घरातून निघालात ते घर कुठं आहे?” असे विचारल्यावर कुठे उत्तरे जाग्यावर आली. पहिल्या दोन दिवसांचे कागद आम्ही वापरले नाहीत.

घरोघरी जाऊन का विचारत नाहीत, असेही आपल्या मनात येईल. लांबचा प्रवास विरळ घडतो, ही त्यातली अडचण आहे. एक माणूस वर्षातून पाच वेळा लांबच्या प्रवासाला निघतो असे धरले, तर १,००० माणसांना “काल प्रवास केलात का?” असे विचारून जेमतेम चौदा जण हाती लागतात. अवधी वाढवून गेल्या तीन महिन्यांचे विचारले, तर लोक लहानसहान प्रवास विसरतात. अमेरिकेने १९९५ साली सुमारे ८०,००० कुटुंबांचे सर्वेक्षण करून शंभर मैलांहून लांबचे प्रवास नोंदवले, युरोपात २००१–०२मध्ये शंभर किलोमीटरची मर्यादा धरून तसाच प्रयत्न झाला, आणि दोन्हीकडे विस्मरण हीच मोठी डोकेदुखी होती.

प्रश्न : भूगोलाच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘गुरुत्वाकर्षण मॉडेल’ शिकवले. दोन शहरांमधला प्रवास न्यूटनच्या नियमाने ठरतो, हे खरोखर पटण्यासारखे आहे का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नियम म्हणून ते पटवून घेऊ नका; एक पहिला, ढोबळ आडाखा म्हणून मात्र ते फार उपयोगाचे आहे. कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियातील रेल्वे अभियंता एडुआर्ट लिल यांनी व्हिएन्नाहून सुटणाऱ्या मार्गावरील प्रवाशांचा अभ्यास करून, अंतर वाढते तशी प्रवाशांची संख्या एका ठरावीक रीतीने घटत जाते, हा ‘प्रवासाचा नियम’ १८९१मध्ये मांडला. पुढे त्यात दोन्ही टोकांची लोकसंख्या आली आणि सूत्र तयार झाले : दोन ठिकाणच्या लोकसंख्यांचा गुणाकार करा आणि त्याला अंतराच्या कोणत्या तरी घाताने भागा. घात २ धरला, तर सारख्याच लोकसंख्येच्या दोन शहरांपैकी ४०० किलोमीटरवरच्या शहराकडे २०० किलोमीटरवरच्या शहराच्या चौथा हिस्सा प्रवासी जातील. घात किती, हे न्यूटन सांगत नाही. ज्या प्रदेशातील प्रवास आधी मोजला आहे, तेथील आकड्यांशी जुळवून तो ठरवावा लागतो.

अंतराच्या जागी आज आम्ही वेळ आणि खर्च धरतो, आणि तेथेच सावध राहावे लागते. आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये शेवटपर्यंत खुला झाला आणि मुंबई–नागपूर प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर येईल, असे शासनाने सांगितले होते. वेळ निम्मा आणि घात २, म्हणजे प्रवास चौपट, असे सूत्र डोळे मिटून सांगेल. पण मुंबई–नागपूर जाणाऱ्यांपैकी मोठा भाग रात्रीच्या गाडीने झोपून जातो किंवा विमानाने जातो. त्यांच्या लेखी रस्त्याचा वेळ निम्मा झाला म्हणून काही बदललेले नसते. टोल आणि इंधन यांचा खर्चही असतोच. म्हणून वेळेतला बदल सूत्रात टाकण्याआधी तो नेमका कोणाच्या वाट्याला आला, हे पाहावे लागते.

आता लोकसंख्येकडे येऊ, कारण या सूत्रातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट तेथे आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये १६.९७ लाख होती, ती २०११मध्ये १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. गुरुत्वाकर्षणाचे सूत्र सांगते की लोकसंख्या घटली म्हणजे मुंबईशी होणारा प्रवासही घटला पाहिजे. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणालाही हे हास्यास्पद वाटेल. येथे घडते असे की, जो माणूस जिल्हा सोडून मुंबईला, ठाण्याला, विरारला राहायला गेला, तो एका बाजूच्या लोकसंख्येतून वजा झाला, आणि त्याच क्षणी या दोन प्रदेशांमधला कायमचा प्रवासी झाला. तो गणपतीला जातो, शिमग्याला जातो, मे महिन्यात मुलांना घेऊन जातो, आईच्या आजारपणात जातो आणि जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालतो. घर बंद पडले म्हणून प्रवास थांबत नाही. किंबहुना बंद घर उघडायलाच तो जातो. गिरणगावात एका खोलीत राहणाऱ्या पिढीपासून हे नाते चालत आले आहे आणि लोकसंख्येच्या रकान्यात त्याला जागा नाही.

याला उपाय आहे. जनगणनेत माणसाचे जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण विचारलेले असते. त्यातून कोणत्या जिल्ह्यातले किती लोक मुंबई परिसरात राहतात हे काढता येते आणि हा आकडा सूत्रात स्वतंत्र घटक म्हणून घालता येतो. माझ्या मते महाराष्ट्रातील कोणत्याही लांब पल्ल्याच्या मॉडेलमध्ये हा घटक असलाच पाहिजे. तो नसलेले मॉडेल कोकणाबाबत, साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांबाबत आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बीडबाबत चुकणारच.

सीमेचाही विचार करावा लागतो. केंद्र सरकारच्या २०१६–१७च्या आर्थिक सर्वेक्षणात याच प्रकारचे मॉडेल वापरून असे दाखवले होते की, अंतर सारखे धरले तरी राज्याच्या आतले श्रमिकांचे स्थलांतर राज्याबाहेरच्या स्थलांतराच्या चौपट असते, आणि भाषा मात्र तितकी आडवी येताना दिसत नाही. नागपूरहून रायपूरकडे आणि नागपूरहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, होणारा प्रवास मोजताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न : माझा भाऊ सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. तो जनरलच्या डब्याने जातो-येतो. आमच्यासारख्यांची गणती या आकड्यांमध्ये होते का? (वाचक, जळगाव)

उत्तर : होते, आणि आपल्या देशात स्थलांतराचा अंदाज बांधताना जनरलच्या तिकिटाइतका उपयोगी कागद दुसरा क्वचितच असेल. वर उल्लेखलेल्या आर्थिक सर्वेक्षणाने रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांची आकडेवारी वापरून २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी ९० लाखांच्या आसपास लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाले असावेत, असा अंदाज मांडला. तोवर धरले जाणारे आकडे याहून बरेच लहान होते. त्यामागचा विचार सरळ होता : पोटापाण्यासाठी गाव सोडणारा माणूस बहुधा अनारक्षित डब्यात बसतो, तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले किती आणि परतलेले किती, यांतला फरक पाहावा.

पण या फरकातच एक पळवाट आहे. आपला भाऊ दिवाळीनंतर सुरतला गेला आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीला परत आला, तर वर्षाच्या हिशेबात जाणे एक, येणे एक आणि फरक शून्य. सहा महिने परमुलखात राबलेला माणूस बेरीज-वजाबाकीत नाहीसा झाला. म्हणून महिन्यागणिक आकडे पाहणे आवश्यक ठरते.

गाडीत बसण्याचे स्थानक आणि घर यांतही अंतर असते. शिरपूर तालुक्यातला मजूर एसटीने नरडाण्याला येऊन गाडी पकडतो. तिकिटावर नरडाणे येते, शिरपूर कोठेच येत नाही. आणि जो थेट खासगी बसने रातोरात सुरतला पोहोचला, तो रेल्वेच्या आकड्यांत मुळातच नसतो.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका निबंधात डिसेंबर २०२४मध्ये हाच धागा पुढे नेला आहे. अनारक्षित तिकिटे, मोबाइलच्या रोमिंगची आकडेवारी आणि बँकांची जिल्हावार माहिती एकत्र करून २०२३मध्ये देशात सुमारे ४०.२ कोटी स्थलांतरित असावेत, म्हणजे २०११च्या जनगणनेच्या तुलनेत बारा टक्क्यांच्या आसपास घट, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जिल्ह्यांच्या जोड्यांमध्ये वलसाड–मुंबई आणि सुरत–मुंबई या सर्वांत वर्दळीच्या जोड्यांत आहेत. माझे मत असे की, या जोड्यांबाबत जपून बोलावे. वलसाड मुंबईपासून दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. या मार्गावर रोज अथवा आठवड्याने ये-जा करणारा नोकरदार आणि व्यापारी वर्ग मोठा आहे. तिकिटावर माणूस कशासाठी चालला आहे हे लिहिलेले नसते, त्यामुळे नेहमी ये-जा करणारा, पाहुणा आणि स्थलांतरित हे तिघे एकाच रंगाच्या कागदावर एकसारखेच दिसतात.

प्रश्न : नवा जलद रेल्वेमार्ग झाला की विमानाचे प्रवासी रेल्वेकडे येतील, असे म्हणतात. किती येतील हे आधी कसे ठरवतात? (अभियंता, पुणे)

उत्तर : प्रवाशाच्या वेळेला पैशांत मोल देऊन. समजा, विमानाने घरापासून मुक्कामापर्यंत पाच तास आणि ४,००० रुपये लागतात, रेल्वेने आठ तास आणि १,८०० रुपये. ज्याच्या तासाची किंमत ३०० रुपये आहे, त्याला विमान एकूण ५,५०० रुपयांना पडते आणि रेल्वे ४,२०० रुपयांना. तो रेल्वेने जाईल. ज्याच्या तासाची किंमत १,००० रुपये आहे, त्याला विमान ९,००० आणि रेल्वे ९,८०० रुपयांना पडते. तो विमानाने जाईल. सुमारे ७३३ रुपयांपाशी दोन्ही पारडी समान होतात. आता रेल्वेचा वेळ सहा तासांवर आणा आणि भाडे तेच ठेवा, की पारडे २,२०० रुपयांपाशी समान होईल, म्हणजे फार थोडे लोक विमानाकडे उरतील.

प्रत्यक्षात माणसे अशी काटेकोर हिशेबी नसतात, म्हणून ‘सगळे किंवा कोणीच नाही’ असे न धरता संभाव्यता काढतात. त्यासाठीचे ‘लॉजिट’ मॉडेल अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी रुजवले आणि त्या कामासाठी त्यांना २०००चे नोबेल मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट रेल्वे १९७२मध्ये सुरू झाली. तिच्याकडे १५ टक्के प्रवासी वळतील असा अधिकृत अंदाज होता, मॅकफॅडन यांच्या मॉडेलने ६.३ टक्के सांगितले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. तो शहरी प्रवासाचा दाखला असला, तरी पद्धत तीच आहे.

या मॉडेलमधला एक सापळा मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावा असा आहे. एका मार्गावर निम्मे लोक रेल्वेने आणि निम्मे लाल बसने जातात. उद्या महामंडळाने त्यातल्या निम्म्या बसगाड्या निळ्या रंगवल्या, तर साधे लॉजिट त्यांना तिसरे साधन समजून रेल्वेला एक-तृतीयांश प्रवासी देऊन मोकळे होते. रंग बदलला म्हणून रेल्वेचे प्रवासी कसे घटतील? म्हणून एकसारखी साधने आधी एका गटात बांधतात आणि मग गटागटांत निवड करतात. साधी एसटी, निमआराम आणि शिवनेरी यांना तीन स्वतंत्र साधने धरणाऱ्याने हे आधी तपासावे.

प्रत्यक्ष घडलेले पाहायचे तर फ्रान्सकडे पाहावे. पॅरिस–ल्योन मार्गावर १९८१मध्ये टीजीव्ही ही अतिजलद रेल्वे सुरू झाली. १९८१ ते १९८४ या काळात त्या मार्गावरील रेल्वेचा वाटा ४० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेला, विमानाचा ३१वरून ७ टक्क्यांवर आला आणि रस्त्याचा २९वरून २१ टक्क्यांवर. स्पेनमध्ये माद्रिद–सेव्हिल मार्गावर १९९२नंतर असेच घडले. रेल्वे १६ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर पोहोचली. हे वाटे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे की वाटा आणि संख्या एक नव्हेत. जलद गाडी आली की पूर्वी जे घरीच बसत होते तेही निघतात. एकूण प्रवासच वाढतो आणि रस्त्याचा वाटा कमी होऊनही रस्त्यावरची गर्दी तितकी हलत नाही. या नव्याने जन्मलेल्या प्रवासाला ‘प्रेरित प्रवास’ म्हणतात. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनच्या मार्गाचे आकडे जेव्हा आपल्यासमोर येतील, तेव्हा विमानातून आलेले किती, जुन्या रेल्वेतून आलेले किती आणि नव्याने निघालेले किती, हे तीन भाग वेगवेगळे दाखवले आहेत का, ते आपण अवश्य पाहावे.

प्रश्न : एवढे शास्त्र असूनही अंदाज इतके का चुकतात? (वाचक, दादर)

उत्तर : सर्वांत बोलके उदाहरण इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचे आहे. बोगदा बांधण्याचा निर्णय झाला तेव्हा युरोस्टार गाड्यांना सुरुवातीच्या वर्षी १ कोटी ५९ लाख प्रवासी मिळतील, असा अंदाज होता. १९९५ या पहिल्या पूर्ण वर्षात मिळाले २९ लाखांहून थोडे अधिक. एक कोटीचा टप्पा गाठायला २०१३ उजाडले. खाडी ओलांडणाऱ्या एकूण प्रवासाचा अंदाजच चढा धरला होता, आणि जहाज कंपन्या भाडे उतरवून झुंजतील किंवा स्वस्त विमानसेवा उभ्या राहतील, याचा पुरेसा विचार झाला नव्हता.

हे एकटेदुकटे प्रकरण नाही. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिव्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ देशांतील २१० प्रकल्प तपासून २००५मध्ये दाखवले की रेल्वे प्रकल्पांचे प्रवासी-अंदाज सरासरीने १०६ टक्के फुगलेले होते. रस्त्यांच्या बाबतीत निम्म्या प्रकल्पांत चूक वीस टक्क्यांहून जास्त होती, पण ती दोन्ही बाजूंना होती. चूक केवळ गणिताची असती, तर रेल्वेचे अंदाजही कधी जास्त, कधी कमी निघाले असते. एकाच बाजूला झुकणारी चूक ही प्रकल्प मंजूर व्हावा या इच्छेची असते, असे मी मानतो, आणि हे मी या व्यवसायातला माणूस म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहितो. प्रकल्पाच्या अहवालात एकच आकडा दिलेला असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. भाडे वाढले, स्पर्धा आली, जोडमार्ग रखडला, अशा प्रत्येक परिस्थितीतला खालचा आणि वरचा आकडा मागावा.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मग सर्वेक्षणे हवीत कशाला? (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : माणूस कोठून कोठे गेला, हे मोबाइल फार चांगले सांगतो, स्पेनच्या वाहतूक मंत्रालयाने तर २०२०पासून अशा निनावी माहितीवरून प्रदेशा-प्रदेशांमधील प्रवासाचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. पण तो एसटीने गेला की रेल्वेने, लग्नाला गेला की कामाला, हे मोबाइलला ठाऊक नसते. एकाकडे दोन सिमकार्डे असतात, आजी आणि नातू मिळून एकही नसते. म्हणून मोबाइलच्या तक्त्याला सर्वेक्षणाचा टेकू लागतोच. एका माणसाचा माग लागणार नाही इतकी मोठी गटवारी झाल्याशिवाय ही माहिती कंपनीच्या बाहेर येता कामा नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

प्रश्न : आमच्या लहान स्थानकावर एक लांब पल्ल्याची गाडी थांबावी, अशी मागणी आम्ही अनेक वर्षे करीत आहोत. ‘प्रवासी पुरेसे नाहीत’ एवढेच उत्तर मिळते. आम्ही स्वतः अंदाज तयार करू शकतो का? (प्रवासी संघटनेचे कार्यकर्ते, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : निश्चित करू शकता, आणि तो बाहेरून आलेल्या कोणाहीपेक्षा चांगला करू शकाल. आपल्या स्थानकावर विकल्या गेलेल्या तिकिटांवरून ‘पुरेसे नाहीत’ असे उत्तर येत असेल, तर ते उत्तर स्वतःभोवतीच फिरणारे आहे : गाडी थांबत नाही म्हणून तिकीट विकले जात नाही आणि तिकीट विकले जात नाही म्हणून गाडी थांबत नाही. आपले प्रवासी शेजारच्या मोठ्या स्थानकावर सापडतील, तेथे जाऊन मोजा.

सलग सात दिवस, सणवार टाळून, आणि पुन्हा गणपतीच्या आधीचे सात दिवस, अशी दोनदा मोजणी करा आणि दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवा. सणाचा आकडा वर्षाचा म्हणून पुढे केला की समोरचा अधिकारी सगळा कागदच बाजूला ठेवतो. त्या मोठ्या स्थानकाच्या बाहेर, रिक्षातळापाशी उभे राहून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या प्रत्येक पाचव्या प्रवाशाला विचारा. जे नाही म्हणतील त्यांचीही संख्या लिहा. प्रश्न चारच असू द्यात : आज ज्या घरातून निघालात किंवा जेथे पोहोचणार ते घर कोणत्या वाडीत आहे, तिकीट कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंतचे आहे, येथपर्यंत यायला रिक्षाला किती पैसे आणि किती वेळ लागला, आणि जवळच्या स्थानकावर गाडी थांबली असती तर तेथून चढला असता का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे सगळे प्रत्यक्षात येत नाहीत, म्हणून निवेदनात त्यांची पूर्ण संख्या देऊ नका. ज्यांचे घर आपल्या स्थानकाला खरोखर जवळ आहे आणि ज्यांचा रिक्षाखर्च वाचतो, तेवढ्यांचा आकडा खालचा म्हणून द्या, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या सर्वांचा वरचा म्हणून. ज्यांच्याकडे मडगावपासूनचे तिकीट होते पण जे सिंधुदुर्गातूनच चढले, त्यांची यादी वेगळ्या पानावर, गाडीच्या क्रमांकासह आणि तारखेसह जोडा; बोर्डिंगची नोंद रेल्वेकडे असल्यामुळे ते पान त्यांना स्वतःच्या संगणकावर पडताळून पाहता येईल.